क्लब टिकला पाहिजे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या निमकर काकांना कुणी नवीन वस्तू दाखवली, की ते किंमत विचारत नाहीत. ते विचारतात, "करार किती वर्षांचा?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो आम्ही फ्रिज घेतला तेव्हा. मी म्हटलं, "काका, वॉरंटी दहा वर्षांची आहे."

"वॉरंटी नाही गं. तू याला किती वर्षं खेळवणार?"

मी आपलं सुचेल ते सांगितलं, आठ. काकांनी डोळे मिटून किमतीला आठाने भागलं आणि म्हणाले, "मग यंदा तुझ्या घरावर याचा आठवा हिस्साच पडतो. छान. परवडतोय." दुकानदाराने सगळी रक्कम एका फटक्यात कापून घेतली होती आणि महिनाअखेरपर्यंत आम्ही भेंडी आणि भोपळ्यावर काढणार होतो, ते वेगळं. काकांच्या हिशेबात आम्ही सुखी होतो.

नंतर कळलं की ही फुटबॉलची रीत आहे. मोठे क्लब खेळाडू विकत घेतात तेव्हा मोजलेली रक्कम एकाच वर्षाच्या खर्चात दाखवत नाहीत, कराराच्या वर्षांवर वाटून टाकतात. काका हीच रीत गाद्यांना, चष्म्याला, प्रेशर कुकरला, सगळ्यांना लावतात. त्यांच्याकडे एक काळी छत्री आहे, तिच्या दोन काड्या मोडल्यात. ती उघडताना ते म्हणतात, "हिचा करार केव्हाच संपला. आता बिचारी फुकट खेळतेय."

मधुकर निमकर. मूळचे साताऱ्याचे, ऑडिट खात्यातून निवृत्त, उभी हयात दिल्लीत गेली आणि निवृत्तीनंतर गाझियाबादेत आमच्या सोसायटीत येऊन राहिले. अंगाने काटकुळे, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा शर्ट. 'दोआब एफसी' नावाच्या एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे ते वित्त अधिकारी आहेत, बिनपगारी. सोसायटीत सगळ्यांना वाटतं की काका फुटबॉलवेडे आहेत. खरं म्हणजे ऑफसाइड कशाला म्हणतात हे काकांना आजही धड सांगता येत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ते पंचांचं खातं आहे. माझं नाही."

त्यांचं खातं म्हणजे नियम. क्लबने कमाईपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, हा पहिला. खेळाडूंच्या पगारावर कमाईचा ठरावीक हिस्साच घालवायचा, हा दुसरा. पगार तारखेला द्यायचे, थकवायचे नाहीत. मालकाने खिशातून ओतलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. हे नियम न पाळणाऱ्या क्लबला महासंघ वरच्या स्पर्धेत खेळायचं लायसन्स देत नाही. युरोपात यावरून भलेभले क्लब कसे गोत्यात आले हे काका इतक्या रंगून सांगतात, की आपल्याला वाटावं सगळे आपले चुलतभाऊच आहेत.

आणि हे नियम त्यांनी घराघरांत लावले. माझ्याकडे स्वयंपाकाला एक बाई, केरफरशीला दुसरी आणि गाडी पुसायला एक भैय्या. काका एकदा म्हणाले, "मीनल, तुझा संघखर्च हाताबाहेर चाललाय. त्यात तुझा नवरा फॉर्मात नाही." नवऱ्याची त्या वर्षी बढती हुकली होती. तो बिचारा सोफ्यावर बसून हे ऐकत होता. कॅनडातला त्यांचा मुलगा आनंद दर दिवाळीला पैसे पाठवतो, त्याला काका हातही लावत नाहीत. "मालकाचा पैसा! आज पाठवतोय, उद्या नाही पाठवला तर? पेन्शनवर चाललं पाहिजे." मात्र मी लेकीला सायकल घेतली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हा खर्च तोट्यात धरायचा नाही. लहान पोरांवर आणि मैदानावर केलेला खर्च नियमात मोजत नाहीत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू नियम त्यांनीच केला होता.

दर संक्रांतीला दिल्लीतली बरीच मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकापाशी. एका वर्षी काका आमच्याबरोबर होते. सगळे गंभीर उभे. कुणीतरी पोवाडा म्हटला, बायकांनी डोळे पुसले. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "संघ बघ केवढा आणला होता! लढणारे किती, आणि बरोबर यात्रेला निघालेले किती! रसद तुटली, उत्पन्न बंद, आणि पोटं रोजच्या रोज. अशा क्लबला कोण लायसन्स देईल?"

पुढे उभे असलेले सुभेदार जगताप गर्रकन वळले. दिल्ली छावणीत राहणारा, मिशीवाला, रहिमतपूरकडचा माणूस. "साहेब, वीरांच्या समोर काय बोलताय हे?"

काकांनी हात जोडले. "वीरांबद्दल नाही हो बोलत. त्यांना उपाशी लढायला ज्यांनी उभं केलं, त्यांच्याबद्दल बोलतोय."

 परतीच्या बसमध्ये सुभेदार काकांच्या शेजारी येऊन बसले, तिळगूळ दिला, आणि वाटेतलं मुरथळ येईपर्यंत दोघं प्रॉव्हिडंट फंडावर बोलत होते.

आता हा ऑफसाइड न कळणारा माणूस फुटबॉलमध्ये आला कसा? बायकोमुळे. सुमनकाकू कोल्हापूरच्या. आणि कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नसतो, ती पेठेची अब्रू असते. काकूंचे भाऊ तालमीच्या संघातून खेळायचे. अंतिम सामना हरले की घरात चूल पेटायची नाही, असं काकू सांगत. लग्न होऊन त्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आल्या, आणि पहिले कित्येक महिने त्यांना दिल्ली गोड लागेना. मग एके संध्याकाळी क्वार्टर्समधल्या मैदानावर काही गढवाली पोरं बॉल खेळताना दिसली. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. एका पोराने मोकळ्या गोलसमोर बॉल हुकवला, आणि वरून आवाज आला, "अरं मार की! पाय हाय का ओंडका?"

पोरांना शब्द कळले नाहीत, मुद्दा कळला. दुसऱ्या दिवशी काकू मैदानाच्या कडेला होत्या. पुढल्या रविवारी तांबड्या रश्शाचं पातेलं घेऊन. गढवाली पोरांचे तिखटाने डोळे वाहिले, पण रस्सा संपला. त्या पोरांचा संघ हळूहळू मोठा झाला, शहराच्या लीगमध्ये आला, तिथून वर चढला, पगारी झाला. त्या काळचा गोलकीपर म्हणजे आजचे क्लबचे सचिव बिष्टजी. ते अजूनही काकूंना 'मैडमजी' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात.

दर सामन्याला काकू जायच्या आणि काका थर्मास आणि पेपर घेऊन त्यांच्या मागे. काकू उभ्या राहून ओरडायच्या. काका बसून पेपर वाचायचे. असं वर्षानुवर्षं चाललं.

काही वर्षांपूर्वी काकू अचानक गेल्या, हृदयविकाराने. मग क्वार्टर्स पाडली गेली. ते मैदान, ती गॅलरी, काहीच राहिलं नाही. आता तिथे टॉवर आहेत, काका तिथून जाताना बसमध्ये डोळे मिटून बसतात. मी त्यांना काकूंचा एक छान फोटो मोठा करून दिला होता, तो त्यांनी कपाटात ठेवला. "फोटोत ती गप्प असते," म्हणाले.

उरलं एकच ठिकाण. क्लबचे सामने व्हायचे त्या स्टेडियमच्या उन्हाच्या बाजूच्या पायऱ्या, जिथे काकू उभ्या राहायच्या. सामन्याच्या दिवशी काका तिथेच बसायचे, शेजारी कुणाला बसू द्यायचे नाहीत. तिथे दोन तास त्यांना बरं वाटायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, लिफ्टमध्ये, आणि लगेच लिफ्टच्या मेंटेनन्सचा विषय काढला. 'क्लब टिकला पाहिजे' हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. मला वाटायचं ते हिशेबाबद्दल बोलतात. क्लब बुडाला तर या माणसाला बायकोला भेटायला जागा उरणार नाही, हे त्या लिफ्टमध्ये मला कळलं.

महासंघाने लायसन्सचे नियम आणले तेव्हा प्रत्येक क्लबला हिशेब जाणणारा अधिकारी नेमणं भाग पडलं. बिष्टजी काकांकडे आले. "अंकल, मैडमजी का क्लब है. अब आप ही संभालो." काकांनी संभाळला. खेळाडूंचे पगार तारखेला होऊ लागले. लिंबू सरबताचे पैसे कुणी कुठे लावले हेही कळू लागलं. पण कमाई काही वाढेना. तिकीट काढून दोआब एफसीचा सामना बघणारे लोक म्हणजे खेळाडूंचे मामा आणि काका. वर्षाच्या शेवटी जो खड्डा पडायचा तो एक जुने दानशूर लालाजी चेक फाडून भरायचे. लालाजी वारले, त्यांच्या मुलांना फुटबॉलमध्ये रस नव्हता, आणि खड्डा उघडा पडला. तो भरून दाखवला नाही तर पुढच्या मोसमाचं लायसन्स मिळणार नव्हतं.

तेव्हा काकांच्या डोक्यात आलं, वर्गणी.

"अगं, आपल्याला एक गोष्ट येते जी जगात कुणाला येत नाही," ते मला म्हणाले. "घरोघर जाऊन थोडं थोडं मागणं. एका लालाजीचा पैसा म्हणजे टेकू. पण शेकडो घरांनी थोडं थोडं दिलं, तर ते उत्पन्न! नियमात चोख बसतं." आणि ते पावतीपुस्तक छापून बाहेर पडले. धोतर, टोपी नाही, पण खांद्याला झोळी. करोल बाग, मयूर विहार, छावणी, अगदी मुखर्जी नगरच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी नांदेड-लातूरची पोरंसुद्धा सोडली नाहीत.

पैसे भराभर जमले. काका खुशीत. मला म्हणाले, "आपल्या माणसांत फुटबॉलची एवढी ओढ आहे हे मला माहीतच नव्हतं."

घोटाळा झाला होता तो असा. श्रावण संपत आला होता. भाद्रपदाच्या तोंडावर मराठी म्हातारा पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिला, तर दिल्लीतला कुठला मराठी माणूस वाचत बसतो कशाची पावती आहे? लोकांनी दार उघडलं, 'या, या' केलं, पैसे दिले, चहा पाजला आणि पावती न बघता देव्हाऱ्यात ठेवली. काकांनी फुटबॉल म्हटलं असणार, पण ते एवढ्या हळू आणि अदबीने बोलतात, आणि समोरचा माणूस मनात मोदकांवर पोचलेला.

उलगडा झाला सुभेदार जगतापांच्या फोनने. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होते. "साहेब, मूर्ती शाडूचीच आणताय ना? आणि आमच्या लेझीम पथकाला किती वाजता बोलावताय?"

काकांचा चेहरा पडला. मी हसू आवरू शकले नाही. "काका, असू दे की! पैसे आले ना? कामाला लागले तर बाप्पा काही रागावणार नाही."

"देणाऱ्याचा हेतू वेगळा होता, मीनल. हे आपलं उत्पन्न नाही."

आणि काका ते पैसे परत करायला निघाले. तीच घरं, तीच झोळी. मुखर्जी नगरच्या पोरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकाने खोल आवाजात विचारलं, "म्हणजे महाप्रसाद नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी पैसे परत घेतले, पण चेहऱ्यांवर दुःख होतं. सुभेदारांनी तर हातच मागे घेतले. "बाप्पाला दिलेलं परत घेत नसतात, साहेब." बऱ्याच घरांनी हेच म्हटलं. शेवटी काकांनी उरलेली सगळी रक्कम खऱ्या गणेश मंडळाला नेऊन दिली आणि मंडळाने त्यांना पावती दिली. क्लबच्या पदरात काही पडलं नाही. त्या वर्षी दिल्लीतल्या त्या गणपतीची आरास मात्र फार सुंदर झाली होती.

आणि मग खुराना आले.

खुराना गुडगावचे बिल्डर. पांढरी गाडी, पांढरे बूट, मनाने वाईट नव्हते. त्यांना क्लब विकत घ्यायचा होता. त्यांनी काकांना भेटायला येतो म्हटलं तेव्हा काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. बिष्टजीही होते.

अडचण एकच होती. मालक म्हणून खुरानांनी कितीही पैसा ओतला तरी तो उत्पन्नात धरता येत नव्हता. त्यावर त्यांनी तोड काढली होती. त्यांच्या मेहुण्याची टाइल्सची कंपनी खेळाडूंच्या शर्टावर नाव छापणार आणि त्यासाठी क्लबला एवढे पैसे देणार, की खड्डा भरून वर डोंगर उभा राहील. नियमाने, मालकाच्या नातेवाइकाने असा करार केला तर तो बाजारभावाने आहे असं वित्त अधिकाऱ्याने लिहून द्यावं लागतं.

"निमकर साहब, बस एक लाइन लिख दो. बाजारभाव है. हो गया."

काका म्हणाले, "बाजार में पूछना पड़ेगा."

आणि हा माणूस खरोखर बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये, कपड्यांच्या ढिगाऱ्यांतून वाट काढत, दुकानादुकानांत विचारत हिंडला, की दोआब एफसीच्या शर्टावर तुमचं नाव छापलं तर काय द्याल? एक सरदारजी दोन डझन टीशर्ट देतो म्हणाले, थोडे डिफेक्टिव. दुसऱ्याने विचारलं, "कौन सा एफसी?" तिसरा म्हणाला, "अंकलजी, हमारी दुकान मशहूर है. उल्टा आप हमें दो." काका घरी आले ते पाय सुजवून. बाजारभाव कळला होता.

खुराना पुन्हा आले तेव्हा काकांनी तो सांगितला. खुराना हसले नाहीत, चिडलेही नाहीत. चहाचा कप ठेवून त्यांनी शांतपणे म्हटलं, "साहब, मुझे बिष्टजी ने सब बताया है. नया स्टैंड बनवाऊँगा. उस पे मैडम का नाम लगेगा. सुमन निमकर स्टैंड. बड़े-बड़े अक्षरों में."

 काकांच्या हातात बिस्किट होतं, ते त्यांनी बशीत परत ठेवलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. मला मनातून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. एक ओळ तर लिहायची होती. कुणाचं नुकसान होणार होतं?

"खुरानाजी," काका म्हणाले, "कल आपका मन भर गया तो?"

"अरे साहब, मन क्यों भरेगा!"

"टाइल्स का धंधा बैठ गया तो? लड़कों की तनख्वाह?"

"तब की तब देखेंगे."

काकांनी मान हलवली. "कल बताता हूँ," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी नवा मिक्सर घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले तर काका कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. खोका त्यांच्या नाकासमोरून गेला तरी त्यांनी कराराचं विचारलं नाही. मला जरा भीतीच वाटली.

सकाळी त्यांनी खरं काय ते लिहून दिलं. करार बाजारभावाच्या कित्येक पट आहे.

लायसन्स मिळालं नाही. दोआब एफसी राष्ट्रीय स्पर्धेतून खाली आला, पुन्हा शहराच्या लीगमध्ये. ज्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर काका बसायचे, ते मोठ्या स्पर्धांच्या क्लबांनाच मिळतं, म्हणून तेही सुटलं. चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. खुराना कबड्डीकडे वळले. बिष्टजींनी कितीतरी दिवस काकांना फोन केला नाही. एका समर्थकाने तर सोसायटीच्या गेटवर येऊन सुनावलं, "अंकल, आपने क्लब डुबो दिया." काका त्याला म्हणाले, "बेटा, पानी पियोगे?"

मलाही राग आला होता. म्हातारा स्वतःच्या हाताने स्वतःची जागा घालवून बसला, आणि कशासाठी? एका ओळीसाठी. मी चारपाच दिवस त्यांच्याकडे गेलेच नाही.

नव्या लीगमधला पहिला सामना नजफगढकडच्या एका शाळेच्या मैदानावर होता. शनिवार होता, पण आमच्या ऑफिसात अर्धा दिवस काम निघालं होतं. काकांनी निरोप ठेवला होता, येशील का म्हणून. राग होता तरी गेले. मेट्रो, मग ई-रिक्षा, मग धुळीतून चालत. थंडीतलं दिल्लीचं ते पांढरट, डोळ्यांना चुरचुरणारं आकाश. मैदानाला पायऱ्या नव्हत्या. कडेला एक बुटकी भिंत होती, तिच्यावर काका बसले होते, मफलर गुंडाळून, आणि बघत होते थेट मैदानाकडे. हातात पेपर नव्हता.

"इथे कुणी बसणार आहे का?" मी जरा तिरकसपणेच विचारलं.

"बस, बस."

मैदानावर बहुतेक नवी पोरं होती. बॉल कमी आणि एकमेकांचे पाय जास्त लाथाडत होती. थोड्या वेळाने मी न राहवून विचारलंच. "काका, ती एक ओळ लिहिली असती तर आज काकूंच्या नावाचा स्टँड असता. तुम्हाला नाही वाटत तसं?"

"रोज वाटतं," काका म्हणाले.

 मला वाटलं विषय संपला.

"तुझी काकू," ते मैदानाकडे बघतच बोलू लागले, "सकाळी पाचला उठायची. आनंदचं, माझं, तिच्या शाळेतली नोकरी, येणारे जाणारे पाहुणे, या पोरांचे डबे. रविवारी एवढं पातेलं. मी विचारायचो, दमलीस का गं? ती म्हणायची, छे, मी ठणठणीत आहे. आणि मी पेपर वाचायला लागायचो." त्यांनी मफलर सारखा केला. "उभ्या देशातल्या कचेऱ्यांचे हिशेब मी तपासले, मीनल. कुणी सांगितलं म्हणून एक आकडा खरा धरला नाही. आणि घरात ती सांगायची मी ठणठणीत आहे, ते मी वर्षानुवर्षं जसंच्या तसं खरं धरलं. कारण घर छान चाललं होतं ना. मला सोयीचं होतं. ती होती त्यापेक्षा जास्त खर्च करत होती स्वतःला, आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नाही."



"डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं दुखत असणार. मला म्हणाले, तुम्हाला कधी जाणवलं नाही?" काका थांबले. "तिच्या नावावर मी पुन्हा तसली सही करू? सगळं ठीक आहे म्हणून? नाही गं. छोटा राहू दे क्लब. पण आहे म्हणतोय तेवढा असू दे."

मैदानावर दोआब एफसीने एक गोल खाल्ला. समोरच्या संघाची पोरं नाचली. काकांना गोल झाल्याचं जरा उशिरा कळलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते. धुरामुळे म्हणता आलं असतं. मी रुमाल काढला.

काका माझ्याकडे वळले. माझ्या हातातली ऑफिसची बॅग, डबा, वाटेत घेतलेली भाजीची पिशवी, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली.

"दमलीस का गं?"

"छे काका, मी ठीक आहे," मी म्हटलं. तोंडातून आपोआपच गेलं ते.

 काकांनी मान मैदानाकडे परत वळवली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत ते थांबून राहिले, घाई न करता, खरं उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या माणसासारखे.

"हो," मी म्हटलं. "खूप दमलेय काका."

"हं," ते म्हणाले. माझ्या खांद्यावरची बॅग त्यांनी उतरवून घेतली, भाजीची पिशवी घेतली, सगळं स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मग बस निवांत. घाई नाही. अजून अख्खा हाफ बाकी आहे."